शितावरून भात? भयपटाचं पोस्टर आणि ट्रेलर कसं पारखायचं



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून भुताखेतांच्या मागे कधीपासून लागलात?" (हशा) तर आधीच सांगतो, विषय भुतांचा नाही, निर्णयाचा आहे. भुतं फक्त उदाहरणाला घेतली आहेत, कारण त्यांची तक्रार येत नाही.

एखाद्या भयपटाचं पहिलं पोस्टर येतं. मग काही दिवसांनी ट्रेलर येतो. सिनेमा अजून महिना-दीड महिना लांब असतो. पण ट्रेलर आल्यावर तासाभरात निकाल लागलेला असतो. "काही दम नाही." "तेच ते दार करकरणं." "हा चालणार बघ." गंमत अशी की सिनेमा कोणीच पाहिलेला नसतो. दोन-अडीच मिनिटांवरून दोन-अडीच तासांचा निर्णय. हा निर्णय ग्राह्य धरायचा का, आणि धरायचा तर कितपत, एवढाच आजचा प्रश्न आहे.

याला दोन ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं: शितावरून भाताची परीक्षा होते, त्यासाठी सगळं पातेलं खावं लागत नाही. दुसरं: आधी सिनेमा पाहा, मग बोला, तोवर तोंड उघडायचा अधिकार नाही. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. का, ते सांगतो.

शीत कोणी काढलं?

शितावरून भाताची परीक्षा, याला संस्कृतात स्थालीपुलाकन्याय म्हणतात. अनुमानाचा हा अगदी घरगुती नमुना. पण तो चालतो कशामुळे? दोन अटी पाळलेल्या असतात म्हणून. एक, पातेल्यातले सगळे तांदूळ एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजत असतात. एक शीत शिजलं तर शेजारचंही शिजलेलं असणार. दोन, शीत तुम्ही काढता. डाव घालून, जे हाताला लागेल ते. स्वयंपाक्याने निवडून तुमच्या बोटावर ठेवलेलं नसतं.

आता ट्रेलर बघा. सिनेमा भातासारखा सगळीकडे सारखा शिजत नाही. त्यात एखादा प्रसंग अप्रतिम असतो, एखादा कच्चा राहतो, शेवट करपतो. आणि शीत निवडतो कोण? ज्याला भात विकायचाय तो. पुष्कळदा ट्रेलर कापणारी मंडळीच वेगळी असतात. सिनेमाच्या संकलकाशी त्यांचा संबंध नसतो. ट्रेलरचं संगीत सिनेमात नसतं, काही दृश्यं शेवटच्या कापाकापीत गळून गेलेली असतात. म्हणजे दोन्ही अटी मोडल्या.

कधी कधी तर शीत त्या पातेल्यातलंच नसतं. आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको', १९६०. त्याचा ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा आहे. त्यात सिनेमातले प्रसंग जवळजवळ नाहीतच. स्वतः हिचकॉक, एखादा वाडा दाखवायला आलेल्या गाईडसारखा, ते मोटेल आणि ते घर फिरून दाखवतो. इथे असं घडलं, तिथे तसं घडलं, असं अर्धवट सांगतो. शेवटी न्हाणीघरात येतो, पडदा सर्रकन ओढतो आणि एक बाई किंचाळते. ती बाई म्हणजे सिनेमात त्या न्हाणीघरात मरणारी जॅनेट ली नव्हे. ती आहे व्हेरा माइल्स, जी सिनेमात त्या बाईच्या बहिणीचं काम करते! ट्रेलरचा सर्वांत गाजलेला क्षण सिनेमात अस्तित्वातच नाही.

तेव्हा पहिलं उत्तर टिकत नाही. ट्रेलर हा सिनेमाचा नमुना नव्हे.

मग ट्रेलर काय आहे?

माझं म्हणणं असं की पोस्टर आणि ट्रेलर हे वचन आहे. "आमच्याकडे या, आम्ही तुम्हाला अमुक प्रकारे घाबरवू." आणि वचनाबद्दल, ते पाळलं जाण्याआधीसुद्धा, पुष्कळ काही बोलता येतं. दुसरं उत्तर इथे चुकतं. कोणी मला म्हणालं, "उद्या सकाळी तुमच्या अंगणात समुद्र आणून देतो," तर मी उद्याची वाट बघत गप्प बसत नाही. ते वचन कसलं आहे, कसं दिलंय, ते देण्यात प्रामाणिकपणा आहे का, हे तीन प्रश्न आजच विचारता येतात. चौथा प्रश्न, ते पाळलं का, हा मात्र तिकीट काढून आत बसल्यावरचा.

हे चार प्रश्न वेगळे ठेवणं हेच आजच्या व्याख्यानाचं सार. आपला गोंधळ होतो तो पहिल्या तिघांची उत्तरं चौथ्याच्या नावावर खपवल्यामुळे.

पहिला प्रश्न: वचन कसल्या भीतीचं?

भीती ही एक गोष्ट नाही. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस मानले. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भयानकाची कारणं म्हणून त्यांनी काय दिलंय? विचित्र आवाज, कोल्हे आणि घुबडं, ओसाड घर, अरण्य. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही यादी घेऊन आजचा कुठलाही ट्रेलर तपासा, अर्ध्याहून जास्त गोष्टी सापडतील. म्हणजे ओसाड घर दाखवलं एवढ्यावरून ट्रेलरला नावं ठेवू नका. ते व्याकरण आहे. प्रश्न असा विचारा की हे ओसाड घर कोणतं?

विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी', २०१७ चा. ते घर कुठे आहे? उसाच्या फडात. ज्यांनी उभ्या उसात पाऊल टाकलंय त्यांना कळेल. चार हातांवरचं दिसत नाही, पात्यांची सळसळ थांबत नाही, आणि बाहेरची वाट कुठली ते समजत नाही. गर्भवती बाईची ही गोष्ट आहे आणि तिच्या मुळाशी स्त्रीभ्रूणहत्या आहे. अशा गोष्टीला युरोपातला किल्ला लागत नाही. भीतीची जागा आपल्या ओळखीच्या ठिकाणी सापडली आहे की कुठून तरी उचलून आणली आहे, हे पोस्टरवरूनही पुष्कळदा कळतं.

बीभत्साचं वचन वेगळं. रक्त, जखमा, सडलेलं शरीर. तेही रसच आहे, कमी प्रतीचा नव्हे. पण ज्याला भय हवंय त्याला किळस दिली तर तो नाराज होणार, आणि चूक त्याची नसणार.

तिसरा प्रकार भरतमुनींच्या रसांत नाही. दचकणं. आजच्या भाषेत जंप स्केअर. सगळं शांत, मग एकदम चेहरा आणि ढाण्णकन आवाज. मागून कोणी कानाशी पिशवी फोडली तरी आपण दचकतोच. ते भय नव्हे, ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ॲरिस्टॉटलने भीतीचं वर्णन केलंय ते असं: एखादं घातक संकट जवळ येऊन ठेपलंय, या कल्पनेने होणारी व्यथा. यातले दोन शब्द धरून ठेवा, 'येऊन ठेपलंय' आणि 'कल्पनेने'. दचकण्यात येणं नसतं, एकदम आलेलं असतं. आणि कल्पनेला वेळच मिळत नाही.

याचा अर्थ दचकवणं त्याज्य आहे असं नाही. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चालली आहे. पाठीमागून कोणी तरी येतंय असं तिला वाटतंय. पावलं ऐकू येतात, मग येत नाहीत. आणि एकदम फिस्सकन आवाज येतो, बस येऊन थांबलेली असते. प्रेक्षक उडतो. पण तिथे आधी भय नीट साठवलंय, दचकणं म्हणजे त्या साठ्याला लावलेली टाचणी. साठाच नसेल तर टाचणी कशाला लावणार?

यासाठी एक सोपी परीक्षा सांगतो. कोणताही ट्रेलर एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहा. मग एकदा डोळे मिटून नुसता ऐका. आवाज बंद केल्यावर काहीच उरलं नाही, तर तुम्हाला भीतीचं वचन मिळालेलं नाही, आवाजाचं मिळालंय. आणि उलटही बघा. सत्तरच्या दशकात विविध भारतीवर नव्या चित्रपटांचे पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम लागत. तिथे चित्र नव्हतंच. तरी भयपटाचा कार्यक्रम लागला की घरातली पोरं आईजवळ सरकत. कानाला कल्पना करायला जागा होती म्हणून.

दुसरा प्रश्न: वचन नीट दिलंय का?

पोस्टरला एकच क्षण मिळतो. कोणता क्षण घ्यायचा? लेसिंग या जर्मन विचारवंताने १७६६ मध्ये 'लाओकून' या ग्रंथात नेमका हा प्रश्न विचारला होता, शिल्प आणि चित्रकलेच्या संदर्भात. त्याचं उत्तर असं: परमोच्च क्षण कधीही घेऊ नका. शिल्पातला माणूस कण्हत असेल तर आपल्या मनाला त्याची किंकाळी ऐकू येते. तो किंचाळतच असेल तर मनाला पुढे जायला जागा राहत नाही. मन मागेच फिरतं. म्हणून टोकाच्या अलीकडचा क्षण.

'द एक्झॉर्सिस्ट', १९७३. त्या सिनेमात काय काय आहे ते पाहिलेल्यांना ठाऊक आहे. पण पोस्टरवर झपाटलेली मुलगी नाही. एक धर्मगुरू घरासमोर येऊन उभा आहे, डोक्यावर हॅट, हातात बॅग, आपल्याला फक्त त्याची काळी आकृती दिसते. वरच्या खिडकीतून प्रकाश त्याच्यावर पडलाय. प्रकाश एरवी आधार देतो, इथे तो प्रकाशच नकोसा वाटतो. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांना ते दृश्य मॅग्रिट या चित्रकाराच्या 'एम्पायर ऑफ लाइट' या चित्रावरून सुचलं होतं. माणूस अजून आत गेलेला नाही. लेसिंगने हे पोस्टर भिंतीवर लावलं असतं.

'एलियन', १९७९. काळीभोर पार्श्वभूमी, एक अंडं, त्याला गेलेला तडा, तड्यातून झिरपणारा हिरवट प्रकाश. खाली एका ओळीत आशय एवढाच की अंतराळात तुमची किंकाळी कोणाला ऐकू येणार नाही. आणि गंमत ऐका, सिनेमातलं अंडं तसं दिसतच नाही. पोस्टरवरचं कोंबडीच्या अंड्याच्या जवळचं आहे, सिनेमातलं कातडी, ओलसर, वरून फुलासारखं उघडणारं. नमुना म्हणून पोस्टर साफ खोटं, वचन म्हणून अचूक: काही तरी जन्माला येतंय, आणि तुम्ही एकटे आहात.

एडमंड बर्कने १७५७ मध्ये लिहिलं की भय मोठं व्हायचं तर अस्पष्टता लागते. धोक्याचा पूर्ण आवाका कळला की भय ओसरायला लागतं. आपल्याकडे आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचा सिद्धांत मांडला, त्याचा रोखही जवळचा आहे. सांगितलेल्यापेक्षा सुचवलेलं अधिक काम करतं.

पण इथे एक सावधानता. यावरून "जो लपवतो तो थोर, जो दाखवतो तो हलका" असा नियम करू नका. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'चा, १९८० चा, ट्रेलर आठवा. कॅमेरा हलत नाही. समोर लिफ्टची लाल दारं. नावं वर सरकताहेत. मग दाराच्या फटीतून रक्त, थोडंथोडकं नव्हे, पूर. खुर्च्या वाहून येतात. इतकं दाखवूनही काय कळलं? काहीच नाही. माणूस नाही, गोष्ट नाही. दाखवणं आणि उलगडणं वेगळं आहे. चांगला ट्रेलर पुष्कळ दाखवून काहीच उलगडत नाही. वाईट ट्रेलर अडीच मिनिटांत नवं घर, पहिली रात्र, गावकऱ्यांचा इशारा, मांत्रिक, शेवटची झटापट, सगळं क्रमाने सांगून मोकळा होतो. मग तिकीट कशाला काढायचं?

आणि आमचे रामसे बंधू! 'पुराना मंदिर', १९८४. पोस्टरवर तो सामरी राक्षस डोळे वटारून सगळा समोर. लेसिंग, बर्क, सगळे धाब्यावर. पण ते वचन जत्रेचं होतं. पाळण्यात बसणाऱ्याला पाळणा दिसतच असतो. तो कुठे जाणार हे माहीत असूनच लोक ओरडायला बसतात. रामसेंचं पोस्टर 'एक्झॉर्सिस्ट'च्या मापाने मोजणं म्हणजे मिसळीत श्रीखंडाची चव शोधणं.

तिसरा प्रश्न: वचन प्रामाणिक आहे का?

हा सर्वांत नाजूक. पुन्हा 'सायको'कडे जाऊ. साठ वर्षांहून जुना सिनेमा आहे, गुपित फोडल्याचा आरोप करू नका. पोस्टरवर जॅनेट ली ठळक दिसते. प्रेक्षक समजतो, ही नायिका. आणि सिनेमा अर्ध्यावर यायच्या आत ती मरते. म्हणजे फसवलं की नाही? फसवलं. पण का फसवलं? पुढच्या अनुभवासाठी. नायिका मरू शकत नाही या भरवशावर आपण बसलेलो असतो, तो भरवसाच काढून घ्यायचा होता. म्हणून तर सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, असा नियम केला होता. बाहेर आलेला प्रेक्षक म्हणतो, "काय फसवलं राव!" आणि मित्राला न सांगता पुढच्या खेळाला पाठवतो. ही फसवणूक खेळाच्या आतली. जादूगाराकडे आपण त्यासाठीच जातो.

आता १९९९ चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. तीन तरुण जंगलात माहितीपट करायला गेले आणि बेपत्ता झाले, नंतर त्यांचं चित्रीकरण सापडलं, अशी गोष्ट. प्रसिद्धी कशी केली? वेबसाइटवर सगळं खरं घडल्यासारखं मांडलं. त्या तिघांचे 'बेपत्ता' म्हणून कागद वाटले. पात्रांना नावं कलाकारांची स्वतःचीच दिलेली होती. कल्पना विलक्षण होती, प्रसिद्धीच्या इतिहासात ती नोंदली गेली आहे. पण इथे खोटं खेळाच्या बाहेर गेलं. जिवंत माणसं जगासाठी बेपत्ता ठरली. हेदर डोनह्यू या अभिनेत्रीच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. सिनेमाने प्रचंड पैसा मिळवला, आणि २०२४ मध्ये त्या तिन्ही कलाकारांना जाहीर पत्र लिहून आपल्या वाट्याचा मोबदला मागावा लागला.

म्हणून कसोटी अशी: वचनातलं खोटं सिनेमाबद्दल आहे की जगाबद्दल? सिनेमाबद्दल असेल, तर सिनेमा पाहिल्यावर त्याची भरपाई होऊ शकते. जगाबद्दल असेल, तर ते फेडायला सिनेमा पुरत नाही. त्याची किंमत कोणी तरी तिसराच देतो. 'सत्य घटनेवर आधारित' असं पोस्टरवर दिसलं की थांबा. ही घटना कोणाची, आणि ती माणसं अजून आहेत का, हे विचारा.

आणि चौथा?

चौथ्या प्रश्नावर, म्हणजे वचन पाळलं का यावर, ट्रेलर पाहून बोलता येत नाही. पण तिथे एक दुसरं प्रमाण उपयोगी पडतं, शब्दप्रमाण. ज्याने पाहिलंय आणि ज्याच्यावर आपला विश्वास आहे, त्याचा शब्द.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड'. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, बीजात नारायण धारपांच्या कथेचा अंश, म्हणजे हिंदी सिनेमा असून आपल्या घरचा. २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू झालं, २०१८ मध्ये पडद्यावर आला. तेव्हा चित्रपटगृहांत जेमतेम चालला. नेहमीचा भुताचा सिनेमा नव्हता. त्यातलं खरं भूत म्हणजे लोभ. पाहणाऱ्यांनी न पाहिलेल्यांना सांगितलं, वर्षानुवर्षं सांगितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. सिनेमा तोच. बदललं काय? पहिल्यांदा लोकांकडे फक्त निर्मात्याचं वचन होतं. दुसऱ्यांदा शेजाऱ्याची साक्ष होती.

आता विचार करा, ज्या छोट्या भयपटात मोठा नट नाही, त्याच्याकडे पहिल्या आठवड्यापर्यंत असतं काय? एक पोस्टर आणि एक ट्रेलर. साक्षीदार तयार व्हायच्या आतच आपण "फालतू" म्हणून मोकळे झालो, तर साक्ष द्यायला कोणी आतच जात नाही. सहा वर्षांनी पुन्हा संधी मिळण्याचं भाग्य प्रत्येकाला नसतं. म्हणून माझी विनंती फक्त वाक्यरचनेची आहे. "ट्रेलर वाईट आहे" हे जरूर म्हणा, कारणासकट म्हणा. "सिनेमा वाईट आहे" हे त्या दिवशी म्हणू नका. मध्ये एक पायरी आहे, ती आपण अजून चढलेलो नाही.

प्रश्नोत्तरांतून

एका ताईंनी विचारलं: "सर, मी भयपट बघत नाही. पण पोस्टर चौकात लागतं, ट्रेलर मोबाईलवर मध्येच येतो. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. आम्ही काय पारखायचं?"

ताई, तुमचा प्रश्न व्याख्यानापेक्षा महत्त्वाचा आहे. भयपटाचा सगळा आनंद संमतीवर उभा आहे. मी तिकीट काढलं, म्हणजे मला घाबरवायची परवानगी दिली. चौकातल्या पोस्टरला दार नसतं. चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, पण मोबाईलवर तो कोणासमोर उघडेल याचा नेम नाही. म्हणून जाहीर जागेतल्या पोस्टरला मी एक जादा अट लावतो. ज्याने वचन मागितलेलं नाही, त्याच्या झोपेला धक्का लागता कामा नये. आणि बघा, 'एक्झॉर्सिस्ट'चं पोस्टर या अटीत बसतं. सहा वर्षांच्या मुलाला तिथे दिव्याखाली उभा असलेला एक माणूस दिसेल, बस्स. मोठ्या माणसाला मात्र ते घाबरवतं. म्हणजे कलेची अट आणि शेजारधर्माची अट इथे एकमेकींच्या आड येत नाहीत. जमतं ते, करायचं ठरवलं तर.

तोवर मुलाने विचारलं की "हे खरं असतं का?", तर "घाबरू नकोस" म्हणू नका. ते चेहऱ्याला रंग लावलेले नट आहेत, हे दाखवून द्या. रंग कसा लावतात ते बघायला मुलांना फार आवडतं.

थांबतो.